वळच्या कारखान्याचा आवाज

“काका, एक नंबर बदलायला दोन दिवस लागतात का?” फोनवर प्रितेशचा आवाज अजून चढला नव्हता, पण चढायच्या बेतात होता.

हरेश तरेच्या समोर वेबसाइटच्या होस्टिंगचं कंट्रोल पॅनल उघडंच होतं. तो शांतपणे म्हणाला की आधी टीटीएल कमी करून ठेवावा लागतो. जुना पत्ता जगभरच्या यंत्रांनी किती वेळ लक्षात ठेवायचा, त्याचा तो आकडा. तो कमी केला नाही तर निम्म्या लोकांना जुनी साइट दिसते आणि निम्म्यांना नवी. उद्या नक्की करतो.

हे खोटं नव्हतं. फक्त टीटीएल त्याने परवाच कमी केला होता, एवढं तो बोलला नाही.

प्रितेश म्हणाला, गणपतीच्या आत नवी साइट दिसलीच पाहिजे. “गेल्या गणपतीत बाबा चार दिवस हॉस्पिटलात होते, सगळं राहून गेलं. ह्या वेळी नको.” आणि त्याने फोन ठेवला.

हरेश मात्र फोन कानाला लावून तसाच बसला. गेल्या गणपतीतले चार दिवस त्याच्याही चांगले लक्षात होते.

भिवंडीत कल्याण नाक्याजवळ एके काळी हरेशचा सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, सहा पडदे आणि बाहेर चपलांचा ढीग. तेव्हा कापडाच्या व्यापाऱ्यांना वेबसाइटची हौस आली होती आणि हरेशने एकेचाळीस जणांची ती भागवली. आता कॅफेच्या जागी त्याचंच झेरॉक्सचं आणि मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं, आणि एकेचाळिसातल्या तीनच साइट उरल्या होत्या. लोकांना वाटतं साइट सांभाळणं म्हणजे मोठं शास्त्र आहे. हरेश सांगायचा, नाक्यावर उभं राहून अमक्याचं घर कुठे ते सांगायचं, एवढंच ते काम. माणूस नाव विचारतो, आपण घर दाखवायचं. डीएनएसच्या नोंदी म्हणजे तेच, नावापुढे घराचा नंबर. घर बदललं की नंबर बदलायचा. एकदा त्याच्याकडून एका व्यापाऱ्याची मेलची नोंद पुसली गेली आणि दोन दिवस त्या बिचाऱ्याला कुणाचं पत्र पोचलं नाही. तेव्हापासून पॅनलला हात लावण्याआधी तो सगळ्या नोंदी वहीत हाताने उतरवून घ्यायचा आणि काम झालं की पॅनलचा फोटो मालकाला पाठवायचा. साइट करणारी नवी पोरं हसायची, पण हसणाऱ्यांच्या साइट कधीच बुडाल्या होत्या.

प्रितेशच्या वडिलांची, काळूराम पाटलांची साइट त्याने २००८ मध्ये केली. वळ गावात त्यांचा चोवीस यंत्रमागांचा कारखाना होता. फोटो काढून झाले, खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडा बसवून झाला, तरी काळूशेठ खूश होईनात. म्हणाले, “आवाज न्हाय तं कारखाना कसला?” मग हरेशने दोन रांगांच्या मध्ये उभं राहून एक मिनिटभर मागांची खटाखट रेकॉर्ड केली. शेवटी एक कारीगर ओरडला, “शेठ, सात नंबर देखो!” ते कापायला काळूशेठनी सांगितलं होतं. हरेशला कापता येत नव्हतं. ते तसंच राहिलं आणि साइटवर आवाजाचं बटण बसलं.

तेव्हा तो आवाज वेगळा ऐकायची गरज कुणाला होती? सगळी भिवंडी रात्रंदिवस खटखटायची. माणसं घरातसुद्धा ओरडून बोलायची. वीज गेली की सगळं एकदम गप्प व्हायचं आणि तान्ही पोरं दचकून उठायची. हरेशला त्या दिवसांची फार आठवण येई. त्या धुळीची आणि गोंगाटाची आठवण येते असं सांगायची मात्र त्याला लाज वाटे.

आठ वर्षांपूर्वी माग भंगारात गेले आणि कारखान्याच्या जागी प्रितेशचं गोदाम उभं राहिलं. साइट मात्र कुणी बंद केली नाही. ती कुणी बघतही नव्हतं. तरी रोज सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी खालचा आकडा एकने वाढायचा. हरेशने दोन-तीन वर्षांपूर्वी हे हेरलं होतं. चहाचा कप घेऊन तो रोज सकाळी सर्व्हरवर बघायचा, आला का आपला पाहुणा. गेल्या गणपतीत चार दिवस आकडा हलला नाही, तेव्हा त्याला जेवण गोड लागलं नव्हतं. आता प्रितेशचं काम तो लांबवत होता ते एवढ्याचसाठी. पत्ता बदलला की दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्याला दार बंद दिसणार होतं, आणि तो कोण हे ठाऊक नसताना ते बंद करायला हरेशचा हात धजत नव्हता.

आता ठाऊक झालं होतं. बहुतेक.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याने स्कूटर काढली. राहनाळच्या पुढे रस्ताभर कंटेनर उभे होते. त्यांच्यामधून वाट काढत तो वळ गावात पोचला तेव्हा सहा वाजत होते. प्रितेशची बायको दिपाली अंगणात सडा घालत होती. तिने त्याला ओळखलं आणि काही न विचारता ओट्याकडे बोट दाखवलं.

काळूशेठ ओट्यावर बसले होते. समोर गोदामाची निळ्या पत्र्याची भिंत. जन्मभर मागांत राहिल्यामुळे त्यांचे कान पार गेले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांनी एक स्टीलचं पातेलं उपडं ठेवलं, त्यावर मोबाइल ठेवला, बोटाने पडद्यावरची एक खूण, मग आवाजाचं बटण दाबलं आणि पातेल्यावर तळहात टेकवला. पातेलं थरथरायला लागलं. खटाखट, खटाखट.

काळूशेठनी त्याला पाहिलं, त्याचा हात धरला आणि आपल्या हाताशेजारी पातेल्यावर ठेवला.

“चोवीस हायेत,” ते मोठ्याने म्हणाले. “आन सात नंबर लंगडतंय. धोटा बघाया पायजे त्याचा.”

त्या कारीगराची हाक त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. रेकॉर्डिंग संपलं तसा काळूशेठनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला, पूर्वी तेलाचा हात पुसायचे तसा.

दिपालीने दारापर्यंत येऊन सांगितलं की ती खूण, जुनी साइट उघडणारी, तिनेच मोबाइलवर लावून दिली होती. नवऱ्याला बोलली नव्हती. माग विकायचा हट्ट त्याचा होता, उगाच त्याला लागायचं. हरेशने तिला काय होणार आहे ते समजावलं आणि म्हणाला की दुपारी एक नवा पत्ता पाठवतो, त्या खुणेत तेवढा बदलायचा.

दुकानात येऊन त्याने वही काढली, सगळ्या नोंदी उतरवल्या आणि मग पॅनलला हात घातला. मुख्य नावापुढचा नंबर बदलला. नवी साइट करणाऱ्या कंपनीने दिलेल्या ओळी एकेक करून भरल्या. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, बाकीचं सगळं जुनं काढून टाका. त्याने काढलं. मग त्याच नावाआधी ‘कारखाना’ जोडून एक नवी नोंद केली आणि तिच्यापुढे आपल्याच सर्व्हरवरच्या जुन्या घराचा नंबर लिहिला. फोटो प्रितेशला पाठवला. तो न पाठवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

दहा मिनिटांत फोन आला. “काका, ही एक ओळ कसली राहिली?”

हरेशने सांगितलं. पातेल्यासकट सगळं सांगितलं. पलीकडे गोदामात माल उचलणारी गाडी मागे येताना टींटीं वाजत होती.

“बाबांना ऐकू येत नाय, काका.”

“हाताला येतंय.”

“लूम मीच काढायला लावले होते. बाबा एक शब्द बोलले नाय तेव्हा.”

“माहीत हाय मला.”

“राहू दे ती ओळ,” प्रितेश म्हणाला. “कंपनीवाल्यांना मी सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश चहा घेऊन बसला. मुख्य नावावर प्रितेशच्या गोदामाची नवी साइट चकचकत होती. त्याने सर्व्हरवर जुन्या घराचा आकडा उघडला. सहा बाराला आकडा एकने वाढला. दिपालीने खूण बदलली होती. हरेशने चहा संपवला आणि दुकान झाडायला घेतलं.

अकराच्या सुमारास झेरॉक्सचं गिऱ्हाईक गेलं तेव्हा त्याने सहज पुन्हा पाहिलं. आकडा आणखी एकने वाढला होता. कुठून कोण आलं याची यादी सर्व्हर ठेवतो, ती त्याने उघडली. पाहुणा गोदामाच्या ऑफिसातल्या इंटरनेटवरून आला होता. आवाजाचं बटण त्याने तीन वेळा दाबलं होतं.