पहिली कॉपी

कॅसेटच्या कव्हरावरच्या बाईला रूपराव ओळखणारच होता. फोटो त्यानेच काढला होता. आंजीच्या सप्ताहातल्या भजनात डोळे मिटून गाणाऱ्या देवकाबाई. पुलगावच्या दुकानात त्या फोटोखाली छापलं होतं, ‘चावट गाणी’. स्पीकरवर कुणी भलतीच बाई असलं काही गात होती, की गिऱ्हाइकं एकमेकांना डोळे घालत होती. रूपरावच्या पायाखालची जमीनच सरकली.

नाचणगावात त्याचा स्टुडिओ होता आणि धंद्यात एक नेम होता: कलाकाराचा फोटो विकायचा, तर पहिली कॉपी त्या कलाकाराला, फुकट. देवकाबाईंना तर त्याने फ्रेम करून दिली होती. पुढे एका कॅसेटवाल्याने भजनाच्या कॅसेटसाठी म्हणून तो फोटो मागितला, तेव्हा हा शहाणा विचारायला कशाला जातो? फोटो आपला, निगेटिव्ह आपली, कॉपी पोचती केली, विषय संपला.

दुकानातून तो घाबरून आधी वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, कॉपीराइट फोटो काढणाऱ्याचाच, तुझ्यावर काही येत नाही. तेवढा धीर गाठीशी बांधून त्याने आंजीची एसटी धरली.

सांगायचं काही उरलंच नव्हतं. वडनेरच्या भजनी मंडळाने देवकाबाईंचं सप्ताहाचं बोलावणं मागे घेतलं होतं. घरात सून बोलत नव्हती. रूपरावने तरी वकिलाचं म्हणणं पुढे केलं.

“असंन भाऊ, फोटो तुमचाच असंन,” देवकाबाई म्हणाल्या. “पण तोंड त माहं होतं ना? मले एक डाव इचारलं काऊन नाई?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो वडनेरला गेला. मंडळाचे प्रमुख बाबाराव चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोलले, त्याने ऐकून घेतलं. आवाज त्यांचा नाही, चूक माझी, एवढंच म्हणत राहिला. शेवटी बोलावणं पुन्हा गेलं.

सप्ताहात त्यांच्या भजनाच्या दिवशी मांडव भरला होता. देवकाबाई गायला बसल्या. रूपराव पुढे आला आणि उभ्या धंद्यात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. कॅमेरा छातीशीच धरला आणि खुणेने विचारलं, काढू का?

देवकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ताल न चुकवता डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला. आतून आवाज तेवढाच खणखणीत येत राहिला.