तोयो आजीचे वरचे पाच किलो

मी वजनकाटा बोलतोय. भाजीवाल्याचा नव्हे हो, विमानतळावरचा! आमचं बेट चिमुकलं आणि विमान त्याहून चिमुकलं. नऊ माणसं बसली की भरलं. म्हणून इथे सामानाबरोबर माणसालाही तोलतात. आकडा फक्त काउंटरवरच्या चिनात्सुला दिसतो. बेटावर कोण किती सुटलंय, ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला. तिथे शिकवलं होतं, किलो म्हणजे किलो. इथे आलो आणि डोकंच फिरलं. माणूस घरून निघतो पंचावन्न किलोंचा, माझ्यापर्यंत येईतो एकसष्टचा होतो. वाटेत शेजारीपाजारी हातात पुड्या कोंबतात. गुळाची ढेप, सुका मासा, रताळी, "एवढं माझ्या भाच्याला दे." दुसऱ्याने सोपवलेली भेट मागे ठेवायची नाही, असा इथला रिवाज.

दुसरं कोडं असं, की मी फक्त जाणाऱ्यांना तोलतो. येणारे पलीकडच्या दाराने निघून जातात. कोण परतलं, कोण नाही, मला कसं कळणार?

तोयो आजी दर महिन्याला डोळे दाखवायला शहरात जायची. पिशवीसकट एकेचाळीस किलो, कधी फरक नाही. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी ती गाठोडं घेऊन उभी राहिली आणि मी दाखवले शेहेचाळीस. मलाच घाम फुटला. बिघडलो की काय?

"आजी, अंगावर चढलंय बरं का!" चिनात्सु म्हणाली.

"वाळून काटकी झालेय मी, कसलं चढतंय! तीन दिवसांसाठी जातेय. आटप लवकर."

नऊ जणांची बेरीज झाली. चार किलो जास्त! कोणी काही मागे ठेवता का, असं चिनात्सुने विचारलं. सगळे आपापल्या पुड्या पोटाशी धरून छताकडे बघू लागले.

"तोयो आजी, त्या गाठोड्यात दगड भरलेत का गं?" मच्छीमार सेइजुनकाका खो खो हसला.

आजीने गाठोडं सोडलं. आत घरचं राखेचं भांडं होतं, पूर्वजांपुढे आणि आजीच्या गेलेल्या नवऱ्यापुढे उदबत्ती खोचतात ते. हसणं थांबलं. ते भांडं हललं की घर हललं, हे बेटावर लहान पोरालाही कळतं. तीन दिवसांसाठी कोणी ते सोबत नेत नाही.

"आजी, तू परत येणार नाहीस?" चिनात्सुने विचारलं.

"लेक म्हणते, एकटी किती दिवस राहशील. दारोदार निरोप घेत फिरले असते, तर पाय निघाला नसता गं पोरी."

सेइजुनकाका रांगेतून बाहेर झाला. "माझा दात काय, उद्याही दुखेल. तुझ्या म्हाताऱ्याला विमानाने जाऊ दे. जन्मभर होडीत ओकला बिचारा."

हा हिशेब मला आजतागायत सुटलेला नाही. चार किलो जास्त झाले, आणि उतरला अडुसष्ट किलोंचा माणूस!

पुढच्या महिन्यात आजी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एकेचाळीसच्या आसपासची कोणी बाई चढली की माझा आकडा उगाच थरथरायचा आणि चिनात्सु मला चापट मारायची. मला तोयो आजीची फार आठवण यायची.

काल सकाळी विमान उतरलं. पलीकडच्या दाराने जायचं सोडून कोणीतरी उलटं माझ्याकडे आलं आणि सरळ चढलं. शेहेचाळीस!

"आजी! अगं, आल्यावर वजन नसतं करायचं!" चिनात्सु ओरडलीच.

"लेकीकडे सातव्या मजल्यावर उदबत्ती लावली की आगीचा भोंगा बोंबलतो. तीनदा बंब आला! शेवटी म्हातारा स्वप्नात येऊन म्हणाला, चल घरी." गाठोडं छातीशी धरून आजीने मला टाचेने ठोकलं. "जाताना मोजलं ना याने? मग आलेलीही मोजू दे."

आता माझे कोपरे गंजलेत. नवा काटा येणार, असं कानावर आहे. येऊ दे. त्याला एवढंच सांगा, की अधूनमधून परतलेल्यांनाही तोलत जा. नाहीतर तोही माझ्यासारखा बावचळेल.

कालचा आकडा त्या दिवशीचाच होता, शेहेचाळीस. तेव्हा तो इतका जड का लागला आणि काल इतका हलका का, हे मला कारखान्यात कोणी शिकवलं नव्हतं.