छतातली आजी

निहारला ‘आजी कुठे?’ विचारलं की तो छताकडे बोट दाखवायचा.

यात त्याची काही चूक नव्हती. तो जन्मला तेव्हा विमानं बंद होती. आईचं तिकीट रद्द झालं आणि बाळंतपणाला मी, माझा नवरा सारंग आणि घरी येणारी एक डच नर्स एवढेच उरलो. तेव्हापासून आजी म्हणजे फोन. आणि माझी आई फोन असा धरते की तिचं निम्मं कपाळ, जेमतेम टिकली आणि मागे पुण्याच्या घरातला गरगरणारा पंखा एवढंच दिसतं. ‘फोन जरा खाली घे’ म्हटलं की ती तो जवळ घेते, मग नुसती नाकपुडी. पोराने पंख्यालाच आजी मानलं. आमच्या इथल्या, डीमन गावातल्या फ्लॅटमध्ये पंखा नाही, म्हणून इथे दिव्याला.

पहिल्यांदा आई खूप हसली. ‘बरंय की, वारा तरी घालतेय नातवाला.’

पण पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुन्हा व्हिसा मिळायला लागले, सारंग रोज तिकिटं बघायला लागला, आणि आई ‘बघू’ म्हणायला लागली. गणपती झाल्यावर बघू. दसऱ्यानंतर बघू. दोन्ही लशी झालेल्या, पासपोर्ट कपाटातून काढून ठेवलेला, तरी बघू.

कारण मला माहीत होतं. त्याआधीच्या एका कॉलवर मी नेहमीसारखा फोन निहारच्या तोंडासमोर धरला होता. आजीला हाय कर, आजीला टाटा कर, आजीला पापी दे. त्याने मान फिरवली. मी फोन त्या बाजूला नेला. त्याने फोनला चापट मारली आणि भोकाड पसरलं. तिकडून आई म्हणाली, ‘राहू दे गं. ओळख ना पाळख, कशाला बघेल तो?’ आणि थोड्या वेळाने, ‘एवढ्या लांब येऊन त्याला रडवायचं, त्यापेक्षा मी इथेच बरी.’

बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. तिच्या आवाजात चिडचिड असती तर मी भांडले असते. चिडचिड नव्हती.

मला दुसरीही धास्ती होती. निहार चेहऱ्यांकडे बघतच नाही, असं मला वाटायला लागलं होतं. सारंग झोपला की मी नेटवर नको ते वाचायचे. बाळांच्या सरकारी क्लिनिकमधल्या बाईंकडे बघूनही तो हसला नाही. ‘अगं, तिने मास्क लावलेला,’ सारंग म्हणाला. ‘हसायचं कोणाकडे बघून त्याने? कपाळाकडे? कपाळांचा त्याला कंटाळा आलाय.’ क्लिनिकच्या बाई म्हणाल्या, वाट बघू. सगळा देशच वाट बघू म्हणत होता. मला ते जमत नाही.

घरात सारंगच्या मीटिंगा चालायच्या, म्हणून मी दुपारी निहारला कडेवर घेऊन बाहेरच्या लांबलचक गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. सगळ्या फ्लॅटची दारं आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या त्या गॅलरीत उघडतात. शेवटच्या दारापाशी एक म्हातारी बाई खुर्ची टाकून बसायची. पांढरे केस कापलेले, बोटांचे सांधे सुजलेले. हेझेल. ती मूळची कॅनडातली, एवढंच मला माहीत होतं. मी मनात तिला हेझेलआजी म्हणायचे, तोंडाने नुसतं ‘हॅलो’.

ती माझ्याकडे कधी बघायची नाही. निहारकडे बघायची, तेही त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे. एकटक. मला ते आवडेना. मी त्याच्या बाह्या खाली ओढायचे. शिकलेली असले तरी त्या आठवड्यात मी त्याची दृष्टही काढली, मीठ-मोहऱ्यांनी. सारंगने स्मोक अलार्म वाजेल म्हणून खिडकी उघडली.

एक दिवस तीच म्हणाली, ‘तुला राग येतो, मी त्याचे हात बघते म्हणून. सवय आहे. पन्नास वर्षं मी हेच करून पोट भरलं.’

‘म्हणजे काय करत होतात?’

‘मीठ सरकवत होते,’ ती म्हणाली.

मग हळूहळू, दीड मीटर अंतरावरून, एकेका दुपारी तिची सगळी कहाणी मला कळली. ती गव्हाच्या शेतांच्या मुलखातली. ओटावाला सरकारी चित्रपट खात्यात लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कार्टून काढायच्या टेबलांवर पुरुष बसायचे. त्यांनी रंगवलेल्या पारदर्शक शीट मुलींनी धुवायच्या, म्हणजे त्या पुन्हा वापरता येतील. ‘बारा जणांचं काम मी रोज नळाखाली पुसून टाकायची,’ ती म्हणाली. ‘त्यातून एक शिकले. पुसलेलं वाया जात नाही.’

जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा रिकामा असायचा. तिने खालून दिवा लावलेल्या काचेवर मीठ पसरलं, बोटाने एक पक्षी काढला, एक फोटो घेतला. मग पंख जरासा सरकवला, पुन्हा फोटो. एका सेकंदाला असे बारा. दिवसभर मान मोडून बसलं की संध्याकाळी हातात दोन-चार सेकंद, आणि काचेवर शेवटचा पंख सोडून काही शिल्लक नाही. खात्याने तो पक्षी दाखवला, पण तिचं नाव दिलं नाही. ‘सहाय्य : कर्मचारीवर्ग,’ असं होतं म्हणे. हे सांगताना ती हसली, पण ते शब्द तिला अजून पाठ होते.

‘नंतर माहितीपट केलेत म्हणालात, तिकडे कशा वळलात?’

‘पाठवलं म्हणून. पूर्व किनाऱ्यावर मासे कापणाऱ्या बायकांवर फिल्म करायची होती. पुरुष कोणी त्या वासात जायला तयार नव्हता.’

बायका तिच्याशी भरभरून बोलल्या. पण चेहरा दाखवायचा नाही म्हणाल्या, मालक कामावरून काढेल. हेझेलने फक्त आवाज ध्वनिफितीवर घेतले आणि परत येऊन मिठात त्यांचे हात काढले. नुसते हात. सुरी धरणारे, खवले काढणारे, मधेच केस मागे सारणारे. आवाज खऱ्या बायकांचा, चित्र तिचं. असं त्या खात्यात तोवर कोणी केलं नव्हतं. साहेब म्हणाले, यात माणसं कुठे आहेत? फिल्म दोन वर्षं कपाटात पडून राहिली. मग कोणीतरी ती परदेशातल्या महोत्सवाला पाठवली. पुढे तिला इतक्या ठिकाणी बोलावणी आली की त्यातल्याच एका वारीत एक डच ध्वनिमुद्रक भेटला, आणि ती इथेच राहिली. इथल्या झेलंड प्रांतातल्या जुन्या महापुरातून वाचलेल्या बायकांवर तिने केलेली फिल्म म्हणे अजून विद्यार्थ्यांना दाखवतात. त्या बायका पुराबद्दल बोलायला तयार नव्हत्या. हेझेलने प्रत्येकीला एवढंच विचारलं, त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काय होतं?

‘आणि आता?’ मी विचारलं.

तिने हात पुढे केला. तो थरथरत होता. ‘आता मीठ फक्त सूपमध्ये.’

मी आईचं सगळं तिला सांगितलं. पंखा, कपाळ, ‘बघू’. निहारचंही सांगितलं. ती उठून आत गेली, तिचा लॅपटॉप आतल्या बाजूने खिडकीत ठेवला, आवाज मोठा केला आणि मला खुणेने जवळ बोलावलं. मध्ये काच असल्यामुळे नियमातही बसत होतं.

काळ्या पडद्यावर पांढरे दाणे हलले आणि त्यांचा हात झाला. एक बाई काहीतरी सांगत होती, मला त्या बोलीतलं निम्मं कळत नव्हतं. हाताने मासा धरला, उलटा केला, पुसला. निहार माझ्या कडेवर वळवळत होता, तो थांबला. त्याने मान पुढे काढली. पडद्यावरच्या बाईने बोटं झटकली तशी त्याने आपली झटकली, जराशी उशिराने. मग अख्खा पंजा काचेवर ठेवला. फिल्म संपेपर्यंत माझा मुलगा हलला नाही.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. हेझेल काचेपलीकडून माझ्याकडे.

‘आई काय करते दिवसभर?’ तिने दार किलकिलं करून विचारलं. ‘हातांनी?’

त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, ‘तू फोन हातात धरूच नकोस. डब्याला टेकवून ठेव आणि समोर बसून काहीतरी कर.’

‘म्हणजे तोंड नको माझं.’

‘तसं नाही गं.’

‘नको तर नको. नाहीतरी मास्कच लावायचाय त्याला.’

पण दुसऱ्या दिवशी तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवला. समोर ताट आणि ताटात दुधात भिजवलेल्या रव्याचा गोळा. ती गव्हले करायला बसली होती, लग्नघरी खिरीसाठी वळतात ते.

‘आता कोणाचं लग्न काढलंस?’

‘कोणाचं नाही. हाताला काहीतरी हवं ना. तूच म्हणालीस.’

तिने चिमूटभर पीठ घेतलं, बारीक वळी केली, अंगठा आणि तर्जनीत फिरवली, आणि तांदळाहून लहान, दोन्ही टोकांना निमुळता असा एक दाणा ताटात पडला. मग दुसरा. मी निहारला काही म्हटलं नाही, हाय नाही, टाटा नाही. जमिनीवर बसवलं आणि समोर फोन ठेवला. आधी तो चमच्याशी खेळला. मग चमचा राहिला. तो पोटावर पालथा पडून बघत राहिला आणि तिकडे आई, त्याला दिसतंय न दिसतंय याचा विचार न करता, माझ्यापाशी सुमेधामावशीच्या जावेच्या कुचाळक्या करत राहिली. तिचे हात इतके देखणे आहेत हे मी तरी कधी नीट बघितलं होतं?

मग ते रोजचं झालं. एक दिवस मी फोन गॅलरीत नेला आणि हेझेलला दाखवला. तिने चष्मा लावला.

‘विचार तिला, तासाला किती होतात?’

‘मोजत नाही म्हणावं,’ आई म्हणाली. ‘मोजलं तर उठावंसं वाटतं. आणि त्या काय करायच्या म्हणालीस, ते नीट सांग मला.’

मी सांगितलं. मीठ, काच, एका सेकंदाला बारा, दिवसाला दोन-चार सेकंद.

आईचे हात थांबले. ‘म्हणजे बाईंनी जन्मभर गव्हलेच केले की.’

मला गव्हल्याला इंग्रजी शब्द सापडेना, तरी मी ते हेझेलला जमेल तसं समजावलं. ती इतकी हसली की तिला खोकला आला, आणि त्या दिवसांत कोणी खोकलं की सगळेच दचकायचे. आईने पुण्यातून विचारलं, ‘बऱ्या आहेत ना त्या?’

दसऱ्यानंतर आईने स्वतःहून सारंगला तिकीट काढायला सांगितलं. मला नाही सांगितलं, त्याला. ‘जावईबापू, खिडकीची नको, उठता येत नाही.’

शिफोल विमानतळावर आम्ही लवकर पोचलो. सारंगने फुगा आणला होता. दारातून आई आली तेव्हा मला आधी तिची चाल ओळखू आली. मग निळा मास्क, त्यावर प्लॅस्टिकची ढाल, अंगात बाबांचा जुना कोट. टिकलीसुद्धा कोटाच्या टोपीखाली गेलेली. ती धावत जवळ आली, हात पसरले, आणि निहार किंचाळला.

लाजून रडणं वेगळं. हे तसलं नव्हतं. त्याने माझ्या मानेत नखं रुतवली. आई जागच्या जागी थांबली. तिने हात खाली घेतले.

‘आई, मास्क काढ जरा,’ मी म्हटलं.

‘नको. इतके तास विमानात बसलेय. त्याला काही झालं तर?’

‘दोन मिनिटं फक्त.’

‘नको म्हटलं ना, प्रांजली.’ आणि मग ती सामानाच्या गाडीशी जाऊन बॅगेवर बसली, आमच्यापासून चांगली लांब. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तू त्याला घेऊन पुढे हो. मी येते सारंगबरोबर.’

मी हलले नाही.  सारंग फुगा धरून उभा होता. आई मान खाली घालून बसली होती, आणि तिचा उजवा हात मांडीवर होता. त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती. पीठ नव्हतं, ताट नव्हतं. तिला स्वतःला ते ठाऊकही नसावं. बोटं फिरायची, सुटायची, पुन्हा जुळायची.

निहारचा हुंदका मधेच अडकला. तो मानेतून बाहेर आला. बघत राहिला.

 ‘आई,’ मी हळूच म्हटलं, ‘थांबू नकोस.’

‘काय?’

‘हात. चालू ठेव.’

तिने खाली बघितलं, मग निहारकडे. तिला कळलं. तिने तो हात जरा पुढे, गुडघ्यावर आणला आणि नसलेलं पीठ वळू लागली. मी निहारला खाली उतरवलं. तो नुकताच चालायला लागला होता, पाय फाकवून, डुलत. तिच्यापाशी गेला, गुडघा धरला, आणि आपली चिमूट तिच्या चिमटीशेजारी नेऊन तशीच फिरवली. मग तिचा अंगठा पकडला आणि उलटसुलट करून बघितला, तो पडद्यात नाही याची खात्री करावी तसा.

आईने त्याला उचललं नाही. ढालीआड तिचे डोळे भरले होते, पण ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘हं. बारीक कर अजून. हा जाड झाला.’

दहा दिवस आई आतल्या खोलीत वेगळी राहिली. तिचा हट्टच होता. दाराच्या काचेतून दोघांचं चालू असायचं. मग एका मंद उन्हाच्या दुपारी ती पुण्याहून आणलेली गव्हल्यांची बरणी आणि भिजवलेला रवा घेऊन गॅलरीत गेली, शेवटच्या दारापर्यंत. हेझेल तिची वाटच बघत होती. मधे दीड मीटर, त्यात सतरंजीवर निहार. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. मी दुभाष्याचं काम करायला उभी राहिले, पण मला कोणी विचारलं नाही.

हेझेलने थरथरत्या बोटांनी एक गव्हला वळला. आईने तो तळहातावर घेऊन पाहिला.

‘अहो, हे बोर झालं,’ ती म्हणाली आणि तो इतरांबरोबर ताटात वाळत टाकला.

आत आल्यावर तिने निहारला मांडीवर घेतलं. मास्क नव्हता, टिकली पूर्ण दिसत होती. मला म्हणाली, ‘विचारू का गं त्याला?’

‘नको,’ मी म्हटलं. मला अजून धास्ती होतीच.

तिने विचारलंच. ‘आजी कुठे रे, निहार?’

त्याने मान वर केली आणि एका हाताने छतातल्या दिव्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या हातात त्याने तिचा अंगठा घट्ट धरला होता, तो काही सोडला नाही.

‘असू दे,’ आई म्हणाली. ‘तीही मीच.’