दोन थेंब तेल

शफीभाईनं कॅमेरा भारतच्या ओट्यावर ठेवला. "आता तर वाजतबी न्हाई. तू सायन्सवाला, तूच बघ."

वडिलांनी हैदराबादहून आणलेला तो दोन भिंगांचा जर्मन कॅमेरा म्हणजे शफीचं पोट. दुष्काळात पालीच्या दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली, तेव्हा छावणीच्या कार्डासाठी जनावरांचे मालकासकट फोटो काढायचं काम त्याला मिळालं. माणसं दिवसभर उन्हात गुरं धरून उभी राहिली आणि फिल्म धुतली तर कोरी. चेअरमन बबनरावांनी भारतला बोलावलं; गावात बीएस्सी झालेला तोच. भारतनं बटण दाबलं, कान लावला आणि चारचौघांत निकाल दिला, "शटर वाजतंय. मशीन ठीक आहे. टोपण काढायचं राहिलं असेल." बघायचं वरच्या भिंगातून आणि फोटो निघतो खालच्यातून, त्यामुळे खालचं टोपण तसंच राहिलं तरी कळत नाही, हेही त्यानं समजावून सांगितलं. लोकांना पटलं. तेव्हापासून शफी दिसला की कुणीतरी विचारायचंच, "भाई, टोपण काढलं का?" सोसायटी आता दुसरा फोटोग्राफर बघत होती.

शफी तंबाखू मळत बसला. भारतनं बारीक स्क्रू काढून पांढऱ्या चादरीवर ओळीनं मांडले, पुढचं भिंग फिरवून सोडवलं. आत पोलादाची पाच पातळ पाती एकमेकांवर मिटलेली होती आणि त्यांच्यावर रंगीत तवंग होता. काडीला कापूस गुंडाळून त्यानं तो टिपला, वास घेतला. शिलाई मशीनचं तेल.

त्याचा हात थांबला. महिन्यापूर्वी, छावणी उघडायच्या आधी, बहिणीच्या साखरपुड्याला त्यानं हा कॅमेरा मागून नेला होता. शटर जरा जड वाटलं म्हणून आईच्या मशीनच्या कुपीतले दोन थेंब त्यानंच आत सोडले होते. न विचारता. आणि भलं केल्याच्या समाधानात सांगायचंही राहून गेलं. उन्हानं पातळ होऊन तेल पात्यांवर उतरलं होतं. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींना कशा धरून ठेवतात, हा प्रयोग त्यानं कॉलेजात केला होता, वहीत आकृतीसकट. आधी नुसती पाती चिकटली, आतलं यंत्र वाजत राहिलं; पुढं तेही अडकलं. तेव्हाच मागचं झाकण उघडून, उजेडाकडे धरून बटण दाबलं असतं तरी पाती उघडत नाहीत हे दिसलं असतं. त्यानं नुसता कान लावला होता.

पेट्रोलात बुडवलेल्या कापसानं त्यानं पाती चार वेळा पुसली, सुकू दिली. बटण दाबलं. पाती उघडली आणि मिटली.

"काय निघालं?" शफीनं विचारलं.

धूळ, असं म्हणता आलं असतं. छावणीतल्या धुळीबद्दल कुणी शंका घेतली नसती.

"तेल," भारत म्हणाला. "मीच घातलेलं." मग त्यानं सगळं सांगितलं, खाली बघत.

शफीनं मळलेली तंबाखू झटकून टाकली. "घरात पोरीनंबी इचारलं मला," तो म्हणाला, "'अब्बा, टोपण काढलं होतं ना?' आता हे मला एकल्याला काऊन सांगतो बे? छावणीत चल. तिथं सांग."

छावणीत बबनराव खाटेवर बसले होते, भोवती पंधरावीस माणसं. भारतनं उभ्या उभ्या सांगितलं, तेलाच्या कुपीपासून. बबनराव हसले.

"दोन थेंबांत अख्खी छावणी आडवी केली की रे. जाऊ दे, शिकल्याल्या माणसाच्या हातून व्हतं असं. बस, च्या घे."

बाकीचेही हसले. कुणीतरी सरकून जागा केली. शफी मागं उभा होता, त्याला कुणी बस म्हणालं नाही. भारतला वाटलं होतं, निदान शिव्या तरी मिळतील.

"चहा नको," तो म्हणाला. "शफीभाईंची चूक नव्हती, एवढं तुम्ही म्हणा. आणि काम त्यांना परत द्या."

बबनरावांनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. "बरं. न्हवती त्याची चूक. काढ रं शफी फोटो."

"म्हंजी आमी पुन्ना उनात?" म्हशीचा कासरा धरून सारजाबाई म्हणाली.

"हाव काकू," शफी म्हणाला. त्यानं मागचं झाकण उघडून कॅमेरा उजेडाकडे धरला, बटण तीनदा दाबून पाहिलं, मग फिल्म घातली.

म्हैस बुजत होती. भारत तिला धरायला पुढं झाला.

"तू बाजूला हो," शफी कॅमेऱ्यातून डोकं न काढता म्हणाला. "फोटोत येतो."