कर्नलला मुहूर्त

बिबट्या उसातून अंगणात आला की भोंगा वाजवायचा, एवढाच अमृतचा धंदा. आळेफाट्याला एका गॅरेजच्या माडीवर त्याचं दुकान, दुकानात एक सर्व्हर, आणि पिंपळवंडीच्या मळ्यांतले चाळीसेक कॅमेरे त्याला जोडलेले. पहिला कॅमेरा बसला तो साधनाच्या घरी. तिचा नवरा ट्रकवर असायचा, घरात ती आणि सासू साळुबाई. परसात न्हाणीपाशी बांधलेली शेळी बिबट्याने उचलून नेली होती, म्हणून कॅमेरा न्हाणीकडे तोंड करूनच लावावा लागला. साधना अवघडली, तेव्हा अमृत म्हणाला, "वहिनी, चित्र यंत्र बघतं, माणूस नाय. माजा शब्द हाय."

शब्द द्यायला काय जातं! हा शब्द पाळायचा होता सर्व्हरने. तो लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीवर चालायचा, आणि लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. साऱ्या यंत्राच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. तोच फुटला तर वरचे पासवर्ड दारावरच्या लिंबू-मिरचीइतकेच कामाचे. कर्नलमध्ये नवनवी भोकं सापडत होती, अमृत ती वाचत होता आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कर्नल चारी बाजूंनी पक्का करून देणारी एक परदेशी कंपनी त्याने शोधली. त्यांनी विचारलं, सर्व्हर किती? त्याने खरं ते सांगितलं, एक. तिथून पुढे उत्तरच नाही. फोन केला तर एक बाई गोड आवाजात म्हणाली, आम्ही फक्त मोठ्या संस्थांना देतो. मागाल तो भाव देतो म्हणाला, तरी नाही. थोरामोठ्यांच्या हिशेबातल्या आकड्यांना पोलादी दार, आणि पिंपळवंडीच्या बायकांच्या अब्रूला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, असा हा जगाचा न्याय.

शेवटी खोडदचा सोपान, अमृतचा कॉलेजातला मित्र, मदतीला आला. जे फुकट मिळतं ते जमवून त्याने पक्का कर्नल बांधून दिला आणि बजावलं, "आजच बसव. मशीन बंद करून चालू करायचं, बास."

घरी अमृतचे वडील सावळाराम पितरांच्या जेवणाच्या गडबडीत होते.

"पितरपाटात नवं काय बी चालू करायचं न्हाई," ते म्हणाले. "घटस्थापनेला कर."

"आबा, नवं नाय, दुरुस्ती हाय."

"आत्ता तर म्हणलास नवीन बसवायचंय. मंग?"

अमृतने कर्नल तसाच बाजूला ठेवला. आबांशी वाद नको म्हणून, की भोंगे थोडा वेळ बंद ठेवले तर गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागतील म्हणून, देव जाणे. तो मुकाट खीर-वडे जेवला.

कावळा घासाला शिवला. पितर तृप्त झाले. आणि त्याच पंधरवड्यात कुणीतरी एका कॅमेऱ्यातून आत शिरलं, कर्नलच्या जुन्या भोकातून साऱ्या सर्व्हरचं मालक होऊन बसलं. कोण, कुठला, काही कळलं नाही. कळलं ते एवढंच, की साधनाची न्हाणी मोबाइलवरून गावभर फिरली. ज्यांनी डोळे फाडून पाहिली आणि पुढे धाडली, तेच दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन अमृतला अब्रूच्या गोष्टी शिकवू लागले.

साधना आली ती सगळ्यांच्या शेवटी. तिने पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला.

"वहिनी, पक्का कर्नल तयार व्हता," अमृत म्हणाला. "पन पितरपाट व्हता, आबा म्हणलं..."

"म्हंजी कुलूप तुमच्यापाशी व्हतं?"

त्याने टेबलावरचा कॅमेरा उगाच बाजूला सरकवला.

"बिबट्या बरा, अमृतभाऊ," ती म्हणाली. "त्यो येतो तवा कुत्री तरी भुकत्यात."

ती जिना उतरून गेली. अमृतला तिच्यामागे जायचा धीर झाला नाही.

घटस्थापनेला आबांनी सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. अमृतने कर्नल बसवला. मशीन एका दमात चालू झालं, कुठे अडलं नाही.

"बघ," आबा खुशीत म्हणाले, "मुहूर्तावर केलं की कसं सुरळीत व्हतं."

पडद्यावर एकही कॅमेरा नव्हता. साऱ्या घरांनी वायरी उपटून टाकल्या होत्या, आणि पिंपळवंडीच्या बायका आता ऊन कलायच्या आतच पोरं, शेरडं आत घेऊन दारं लावत होत्या. आबांनी खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. अमृतने तो घेतला, चावला, गिळला, आणि त्याला आबांपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.