कव्हर काढल्यावर

राजाबाईंनी पायाच्या अंगठ्याने बटण दाबलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. व्हॅक्युम क्लीनर घरघरत सुरू झाला. टीव्हीच्या टेबलामागून नळी फिरवत त्या खिडकीच्या कोपऱ्यात पोचल्या, तोच आवाज एकदम बसला आणि शेजारच्या कुकरची शिट्टी पुन्हा ऐकू येऊ लागली. नऊ मिनिटं. कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीने नऊचा आकडा लिहिला. उद्या कुलदीपला हे सांगायचं होतं.

कुलदीप, त्यांचा एकुलता एक, मस्कतला नोकरीला होता. मागच्या सुट्टीत आला तेव्हा नेरुळच्या या दोन खोल्यांतली धूळ पाहून वैतागला. एका बाजूला डोंगरातल्या दगडखाणी, दुसऱ्या बाजूला उठणाऱ्या नव्या इमारती. सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी बोटाने नाव लिहावं. आईचे गुडघे तर कधीचेच गेलेले. परत जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने हे मशीन आणून ठेवलं.

शुक्रवारी तिकडे सुट्टी, म्हणून त्याचा फोन शुक्रवारी. हौसेराव होते तोवर बापलेकच बोलत. हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी. कांद्याच्या किती गाड्या आल्या, कोणाची पाठ धरली, असं त्यांचं चालायचं. राजाबाई बाजूला उभ्या राहून शेवटी 'जेवतोस न्हवं?' एवढंच विचारत. हौसेराव गेले आणि रिसीव्हर त्यांच्या हातात आला, तेव्हा बोलायला काही सापडेना. गोळी घेतली का, घेतली. पाणी येतं का, येतं. बरं, ठेवतो. दोन मिनिटांत फोन संपायचा आणि त्या कितीतरी वेळ स्टुलावरच बसून राहायच्या.

मग मशीन बंद पडू लागलं.

पहिल्या शुक्रवारी त्याने त्यातली धुळीची पिशवी रिकामी करायला सांगितली. दुसऱ्या शुक्रवारी आतली जाळी धुऊन वाळवायला. तिसऱ्या शुक्रवारी, फोन चालू असतानाच, त्यांनी नळीतून केरसुणीची काडी घातली, तर हरभऱ्याची सालं आणि एक पांढरं बटण निघालं. बटणावरून त्याच्या शाळेच्या शर्टाचं निघालं, शर्टावरून जोतीराम मास्तरांचं. मस्कतच्या खोलीत चौघं राहतात आणि त्यातला एक इतका घोरतो की बाकीचे त्याच्या आधी झोपायची घाई करतात, हे त्यांना त्याच दिवशी कळलं. फोन ठेवल्यावर दूध उतू गेलेलं दिसलं, आणि त्यांना हसू आलं.

नऊचा आकडा लिहून त्या पेन्सिल ठेवतात तोच दारात पाटी टेकल्याचा आवाज झाला. करावे गावची मैना मासळी घेऊन रोज या इमारतीत यायची. राजाबाई साताऱ्याकडच्या माळकरी घरातल्या. त्या मासळी घेत नसत. तरी पाणी प्यायला मैना त्यांच्याच उंबऱ्याशी बसे. तांब्या तोंडाला लावता लावता तिचं लक्ष मशीनकडे गेलं.

"अगो आजी, याला झबलं घालून कोन पलवतं?"

मशीनला राजाबाईंनी कव्हर शिवलं होतं. टीव्हीला होतं, मिक्सरला होतं, फोनलाही होतं. नवी वस्तू उघडी ठेवायची नाही, ही त्यांची रीत. कुलदीप गेल्यावर पडद्याच्या उरलेल्या कापडातून त्यांनी ते बेतलं. नळीसाठी पुढे गोल, बटणासाठी वर काज, चाकांपाशी दोरी. चालवताना मळू नये म्हणून तेव्हाही ते घातलेलंच असे. मागच्या बाजूला जाळी आहे, तिथे भोक पाडावं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

मैनाने कापड वर करून जाळीवर तळहात ठेवला.

"तापलंय बघ. नाक दाबलंस तू याचं."

ती गेल्यावर अर्ध्या तासाने राजाबाईंनी कव्हर काढलं आणि बटण दाबलं. दोन्ही खोल्या झाल्या, गॅलरी झाली, मशीन चालूच. शेवटी त्यांनाच ते बंद करावं लागलं. घर लख्ख झालं होतं. त्या कव्हराची घडी घालून बसल्या. बऱ्याच वेळाने उठल्या, घडी मोडली आणि कव्हर पुन्हा चढवून दोरी बांधली. उद्या 'बंद पडतं' म्हणायचं, तर ते खोटं असू नये.

शुक्रवारी फोन उचलला तेव्हा कुलदीप त्यांना बोलूच देईना. तिथल्या कामगारांच्या कॅम्पपासून लांब कुठे कोल्हापूरकडचा एक कृष्णात म्हणून होता, मशीनच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचा. काल काम सुटल्यावर कुलदीप त्याच्याकडे जाऊन आला होता, दोन गाड्या बदलून. कृष्णातने कागदावर मोटारीचं चित्रच काढून दिलं होतं.

"पेन्सिल घे आई. सावकाश सांगतो, टेन्शन घेऊ नको. आपण आज शोधूनच काढू."

राजाबाईंनी पेन्सिल घेतली. दोन ओळी लिहिल्या. तिसरीला हात थांबला.

"कुलदीप, त्याला कव्हर हुतं. मी शिवलेलं. त्यानंच बंद पडायचं ते. काल कळलं. आता चालतंय."

पलीकडे कागद दुमडल्याचा आवाज आला. 'बरं, ठेवतो' ऐकायला त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"चालू कर बरं," तो म्हणाला. "ऐकू दे."

त्यांनी दोरी सोडली, कव्हर बाजूला टाकलं, बटण दाबलं आणि रिसीव्हर मशीनकडे धरला. हात भरून आला तरी धरून ठेवला. त्या घरघरीत तो आहे की गेला, काही कळेना. त्यांनी रिसीव्हर परत कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं.

"आता कॉटखाली घे," तिकडून तो मोठ्याने सांगत होता. "भिंतीकडनं."

फोनची वायर कॉटपर्यंत पुरत नव्हती. राजाबाईंनी रिसीव्हर स्टुलावर उताणा ठेवला, आणि गुडघ्यावर हात देत नळी घेऊन खाली वाकल्या.