हितेंद्रची सीट

श्रेया रविवारी सकाळी आमच्या फणसवाडीतल्या घरी आली आणि बराच वेळ मुद्द्यावर येईना. आमचा मुलगा हितेंद्र गेल्यापासून त्याच्या ऑफिसातलं कुणी आलं की असंच होतं. ते आधी हवेबद्दल बोलतात.

शेवटी म्हणाली, "काका, टूलच्या हिशेबी हितेंद्र अजून काम करतोय."

मला नीटसं कळलं नाही. तिने समजावलं. परळच्या त्यांच्या ऑफिसने परदेशी कंपनीचं एक महागडं टूल घेतलंय, त्यात एका वेळी एकाच माणसाला बसता येतं. त्याला ती सीट म्हणत होती. अंध माणसांना बसचा पुढचा थांबा सांगणारा प्रोग्राम हितेंद्र त्यात जुळवत होता. उद्या तो द्यायचाय, आणि ती आत जायला गेली की टूल सांगतं, सीट हितेंद्रकडे आहे. नावापुढे हिरवा ठिपका.

"कंपनीला कळवलं नाही?"

"कळवलं ना. ते म्हणाले, त्यांना बाहेर पडायला सांगा. मी लिहिलं, तो वारला. उत्तर आलं, गैरसोयीबद्दल क्षमस्व, त्यांना बाहेर पडायला सांगा."

मी कपाटाकडे पाहिलं. लॅपटॉप तिथेच होता, चार्जिंगला लावलेला. मी तो कधी बंद केलाच नाही. बंद केला तर आतलं काही जाईल, अशी भीती वाटायची, आणि विचारणार कुणाला? झाकण मिटलेलं असायचं, पण अधूनमधून आतला पंखा घरघरायचा. माझी बायको शांता तेवढ्यापुरती पोळपाटावरचा हात थांबवायची. आम्ही त्याबद्दल बोलत नसू.

श्रेयाने तो टेबलावर आणून उभ्यानेच झाकण उघडलं. पासवर्ड ऑफिसने तिला दिला होता. बाहेर पडायचं बटण समोरच होतं.

"दाबल्यावर त्याच्या कामाचं काय होतं?" मी विचारलं.

"तेच कुठे लिहिलेलं नाही, काका. जुळणी टूलच्या आतच आहे. बाहेर काढायला गेले तर तेही जमेना."

तिने मदतीचं पान दाखवलं. इंग्रजी होतं. मी गिरगावात छापखान्यात मुद्रितं तपासली, वाक्य पारखायची तेवढी सवय आहे. वाक्य निर्दोष होतं: बाहेर पडल्यावर कामाची योग्य ती व्यवस्था लावली जाते. कोण लावतं, कुठे, योग्य म्हणजे काय, काही नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मलाच समजत नसेल, असंही वाटलं. पुढच्या पानाचा दुवा दाबला तर पान रिकामं.

"असू दे," मी म्हणालो. "पुसलं गेलं तर?"

"तर चार वर्षांचं काम गेलं. नाही दाबलं तरी उद्या गेलंच," ती हळू म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर मी जाते."

मला नको म्हणायचं होतं. ठिपका दिसत होता तोवर कुठेतरी त्याचं नाव कुणीतरी धरून ठेवलं होतं.

शांता हात पुसत बाहेर आली. तिने स्क्रीन पाहिला नाही, टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"हितू, ऊठ रे बाबा," ती म्हणाली. "पोरगी खोळंबली हा."

मग मी बटण दाबलं.

ठिपका विझला. नाव गेलं. आतला पंखा थांबला, आणि आता तो पुन्हा घरघरणार नाही हे तेव्हा कळलं.

श्रेयाने स्वतःच्या मशीनवर टूल उघडलं. एकेक थांबा येत गेला. नायगाव. भोईवाडा. सगळे जागेवर होते. तिने श्वास सोडला, आणि मग एकदम स्क्रीनवर वाकली.

"काय गं?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली ते नाव असतं. चार वर्षांच्या सगळ्या ओळींपुढे आता श्रेयाचं नाव होतं. हितेंद्र कुठेच नव्हता.

"काका, हे मी नाही केलं. ते आपोआप..."

"व्यवस्था लागली," मी म्हणालो.

तिने मशीन परत स्वतःकडे ओढलं. मग सगळ्यात वर जाऊन काहीतरी लिहू लागली. त्याने प्रोग्राम बिघडेल का, मी विचारलं. नाही म्हणाली, अशी ओळ मशीन वाचत नाही, पुढे काम हाती घेणाऱ्या माणसासाठी असते.

"तुम्ही एकदा बघा, काका."

मी चष्मा पुसून वाचलं. हे काम हितेंद्रने केलं, एवढंच होतं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. ती वाट पाहत होती, तरी मी पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो.